वेरूळचीं लेणीं आणि पुण्याचा इंग्रज वकील

महाडहून मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें थोडें अंतर गेलें कीं, गांधारपाले गांवाजवळ डोंगराच्या कुशींत कोरलेलीं लेणीं दिसूं लागतात. तळीये, महाड, पोलादपूर ह्या भागांतील बहुतेक विद्यार्थ्यांनीं तीं एस्. टी. च्या खिडकींतून तरी पाहिलीं असतील. हीं कोणीं कोरलीं असें विचारलें, तर "पांडवांनीं" हें उत्तर ठरलेलें! पांडव वनवासांत असतांना त्यांनीं एका रात्रींत डोंगर पोखरला, पहांट झाली आणि काम अपुरें राहिलें, ही कथा महाराष्ट्रांतील कित्येक लेण्यांविषयीं सांगतात. कथा गोड आहे. परंतु तिच्यांत एक उणीव आहे. ज्या हातांनीं छिन्नी धरली, त्या हातांचा तिच्यांत कोठेंच उल्लेख नाहीं.

लेण्यांकडे नुसत्या नवलाच्या दृष्टीनें न पाहतां मोजपट्टी, लेखणी व कुंचला घेऊन पाहण्याची चाल आपल्या प्रांतांत कशी पडली, ह्याची एक हकीकत विद्यार्थिमित्रांना सांगावी असें ह्या लेखांत योजिलें आहे. ह्या हकीकतींत मुख्यतः दोन माणसें आहेत. एक सर चार्ल्स वॉर मॅलेट, पेशव्यांच्या दरबारीं सुमारें अकरा वर्षें राहिलेला इंग्रजांचा वकील. आणि दुसरा गंगाराम चिंतामण तांबट, पुण्याचा चित्रकार. पहिल्याला इतिहासानें केव्हांच आसन दिलें आहे. दुसऱ्याला तें अलीकडे कोठें मिळूं लागलें आहे.

मॅलेट ह्याचा जन्म इंग्लंडांतील एका धर्मोपदेशकाच्या घराण्यांत इ. स. १७५२ च्या अखेरीस झाला. इ. स. १७७० मध्यें तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई येथील नोकरींत शिरला. पुढें कांहीं वर्षें गुजराथेंत खंबायत बंदरीं तो कंपनीचा रेसिडेंट होता. तेथें व्यापाराचा हिशेब, नबाबाच्या दरबारची रीतभात आणि लोकांची बोली ह्या तिन्ही गोष्टींशीं त्याचा परिचय झाला.

इ. स. १७८२ च्या सालबाईच्या तहानें पहिलें इंग्रज-मराठा युद्ध थांबलें. त्यानंतर पुणें दरबाराशीं इंग्रजांचें बोलणें महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनें चालत असे. पुण्यांत आपला स्वतःचा वकील असावा असें कंपनीच्या मनांत होतें आणि महादजींना तें फारसें रुचत नव्हतें. अखेरीस मॅलेटची नेमणूक ठरली व इ. स. १७८६ मध्यें तो पुण्यास आला. त्या वेळीं सवाई माधवराव पेशवे अवघे बारा वर्षांचे होते आणि कारभाराचीं सूत्रें नाना फडणिसांच्या हातीं होतीं. मुळा व मुठा ह्या नद्यांच्या संगमावर इंग्रज वकिलाचें ठाणें वसलें. नानांसारख्या धोरणी पुरुषासमोर बसून कंपनीचें काम साधावयाचें, हें सोपें नव्हतें. इ. स. १७९० मध्यें पेशवे, निजाम व इंग्रज ह्या तिघांचा टिपू सुलतानाविरुद्ध तह झाला, त्यांत मॅलेटचा हात मोठा होता. त्याबद्दल पुढील वर्षीं त्याला इंग्लंडच्या राजाकडून 'बॅरोनेट' हा किताब मिळाला. त्या तहाच्या दरबाराचें थॉमस डॅनियल ह्यानें इ. स. १८०५ मध्यें पुरें केलेलें भव्य तैलचित्र आज लंडन येथील टेट संग्रहांत आहे. मॅलेटच्या वकिलातीचा पत्रव्यवहार रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनीं संपादून इ. स. १९३६ मध्यें छापून काढला. पेशवाईच्या अभ्यासकाला त्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

परंतु आपल्याला येथें राजकारणाचा विचार करावयाचा नाहीं. दरबारच्या कामांतून मिळालेला वेळ मॅलेटनें ज्या छंदांत घालविला, त्याचा आपल्या विषयाशीं संबंध आहे. तो छंद म्हणजे ह्या देशांतील जुन्या शिल्पांचा.

औरंगाबादेपासून (इ. स. २०२३ पासून ह्या शहराचें नांव छत्रपती संभाजीनगर असें आहे) सुमारें तीस किलोमीटरांवर वेरूळ गांव आहे. शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजीराजे ह्यांच्या घराण्याकडे ह्याच गांवची पाटिलकी होती आणि येथील घृष्णेश्वराचें देऊळ अठराव्या शतकांत अहल्याबाई होळकरांनीं पुनः बांधविलें. गांवाजवळच्या डोंगरांत चौतीस मुख्य लेणीं ओळीनें आहेत. बारा बौद्धांचीं, सतरा हिंदूंचीं व पांच जैनांचीं. त्यांतील सोळावें तें कैलास. कैलासाचें देऊळ दगडावर दगड रचून उभारलेलें नाहीं. कारागिरांनीं डोंगराच्या माथ्यापासून खालीं खोदीत येऊन सभोंवतीं चर पाडला व मधल्या अखंड खडकांतून शिखर, सभामंडप, खांब, हत्ती व देवदेवता कोरून काढल्या. ह्या देवळाचें आवार सुमारें २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद असून मागील कडा सुमारें १०७ फूट उंच आहे. बांधकामांत चूक झाली तर दगड बदलतां येतो. येथें चुकलेला घाव पुनः भरून काढण्याची सोय नव्हती. पायथा दिसण्यापूर्वीं शिखर पुरें करावयाचें, म्हणजे सगळें देऊळ आधीं कोणाच्या तरी मनांत उभें असलें पाहिजे.

मॅलेटच्या पूर्वीं वेरूळ कोणा परकीयानें पाहिलें नव्हतें असें नाहीं. आंकतील द्युपेराँ नांवाचा फ्रेंच पंडित इ. स. १७५८ मध्यें तेथें जाऊन आला होता व त्यानें आपल्या ग्रंथांत त्याचें वर्णनही केलें होतें. परंतु लेण्यांमागून लेणीं घेऊन, स्थानिक नांवें विचारून, मापें घेऊन व चित्रें काढवून केलेलें वर्णन मॅलेटनें सिद्ध केलें. इ. स. १७९४ च्या डिसेंबरांत त्यानें तें त्या वेळचे गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर ह्यांच्याकडे पत्ररूपानें पाठविलें आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडांत तें इ. स. १७९९ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याबरोबर लेण्यांचीं चित्रेंही छापण्यांत आलीं.

ह्या लेखांतील एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. लेणीं किती जुनीं, हें मॅलेटनें तेथील लोकांना विचारलें. ब्राह्मणांनीं सांगितलें कीं, द्वापारयुगांत एलू नांवाच्या राजानें तीं कोरविलीं, त्याला सात हजारांवर वर्षें लोटलीं. मुसलमानांनीं सांगितलें कीं, देवगिरीचा किल्ला बांधणाऱ्या राजाचें हें काम, त्याला नऊशें वर्षें झालीं. मॅलेटला ह्यांतील खरें कोणतें तें ठरविण्याचें साधन नव्हतें. लेण्यांवरील व ताम्रपटांवरील प्राचीन लेख वाचून त्यांची संगति लावण्याचें काम तेव्हां नुकतेंच सुरू झालें होतें. त्यानें काय केलें? आपल्याला पटेल ती हकीकत ठेवून दुसरी गाळली, असें केलें नाहीं. दोन्ही जशा ऐकल्या तशा लिहून ठेविल्या.

ह्याचा उपयोग पुढें झाला. बडोदें येथें सांपडलेल्या इ. स. ८१२ च्या एका राष्ट्रकूट ताम्रपटांत एलापूर येथील अद्भुत देवालयाचा उल्लेख आहे व तें कृष्णराजानें करविलें असें म्हटलें आहे. हा राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण आठव्या शतकाच्या उत्तरार्धांत, सुमारें इ. स. ७५६ ते ७७३ ह्या काळांत, राज्य करीत होता. आतां वर्गांतील गणिताप्रमाणें हिशेब करून पाहा. इ. स. १७९४ मधून नऊशें वजा केले तर ८९४ येतात. म्हणजे कैलासापुरतें पाहिलें तर दुसऱ्या हकीकतींत चूक सुमारें सव्वाशें वर्षांची. पहिलींत ती हजारों वर्षांची. परंतु पहिल्या हकीकतींतील एलू राजा आणि एलापूर हें गांवाचें नांव ह्यांचें नातें उघड आहे. तेव्हां कोणतीही दंतकथा पारखल्यावांचून खरी मानूं नये व पारखल्यावांचून टाकूंही नये, हा धडा येथें मिळतो. पारखणी पुढच्या पिढीनेंही केली तरी चालेल. त्यासाठीं ऐकणाऱ्यानें ती जशीच्या तशी टिपलेली मात्र असली पाहिजे.

नांवांचेंही असेंच आहे. मॅलेटनें लोकांच्या तोंडचीं नांवें नोंदलीं, त्यांत एका लेण्याचें नांव दोन ताल, म्हणजे दुमजली, असें होतें. वास्तविक तें लेणें तिमजली आहे. त्याचा तळमजला मातींत गाडला गेला होता व तो इ. स. १८७६ मध्यें उकरून काढण्यांत आला. पाहा, एका चुकीच्या नांवानें डोंगरावरून वाहून आलेल्या मातीचा इतिहास जपून ठेविला!

आतां गंगारामाकडे वळूं. त्याचें आडनांव तांबट. पुण्याच्या तांबट आळींत पेशवाईपासून तांब्यापितळेचीं भांडीं ठोकणाऱ्या कारागिरांची वस्ती आहे, हें पुण्यास गेलेल्यांना ठाऊक असेल. इ. स. १७९० च्या सुमारास गंगाराम मॅलेटसाठीं चित्रें काढीत होता. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यानें पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें चित्र काढलें. तें आज उपलब्ध आहे. आखाड्यांतील मल्लांच्या कसरती, दरबारचीं माणसें, जनावरें हेंही त्यानें रेखाटलें. आणि मुख्य म्हणजे तो वेरुळास गेला व त्यानें लेणीं काढलीं.

लेण्याचें चित्र काढणें म्हणजे काय, ह्याचा विचार करा. आंत अंधार, मूर्ति पुरुषभर उंचीची किंवा त्याहून मोठी, मागें सरून सबंध देखावा डोळ्यांत घ्यावयास जागा नाहीं. गंगारामापाशीं कॅमेरा नव्हता. कागद, शाई, रंग व डोळे एवढीच त्याची सामग्री. दूरची वस्तु लहान व जवळची मोठी दाखविण्याची युरोपीय रीत त्यानें शिकून घेतली, परंतु मूर्तीचें ध्यान, आयुधें, आसनें व दागिने ओळखणारी नजर त्याची घरचीच होती. कोणत्या हातांत डमरू आहे आणि कोणत्या हातांत त्रिशूळ, हें त्याला कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं.

ह्याच सुमारास जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटलंडचा चित्रकार मुंबईस व तेथून पुण्यास आला. नाना फडणिसांसह सवाई माधवराव, महादजी शिंदे ह्यांचीं त्यानें काढलेलीं चित्रें आपण इतिहासाच्या पुस्तकांतून पाहतों. मॅलेटच्या खटपटीनें व पेशव्यांच्या अनुमतीनें शनिवारवाड्यांत एक चित्रशाळा निघाली, तींत वेल्सच्या देखरेखीखालीं एतद्देशीय तरुण चित्रकला शिकूं लागले. गंगाराम व वेल्स ह्यांनीं वेरुळाचें काम मिळून पुढें नेलें. परंतु इ. स. १७९५ हें साल मोठें घातक ठरलें. ऑक्टोबरांत सवाई माधवराव शनिवारवाड्यांत वरून पडून मृत्यु पावले; नोव्हेंबरांत, साष्टींतील लेण्यांचीं चित्रें काढण्याच्या कामीं असतां, वेल्सही वारला. चित्रशाळेचा आधार तुटला.

पेशव्यांच्या मृत्यूनंतर पुण्यांत जी धामधूम उडाली, तिचा आपल्या महाडाशींही संबंध आहे. इ. स. १७९६ मध्यें नाना फडणीस वाईहून घाट उतरून महाडास आले, रायगडाचा बंदोबस्त केला आणि येथूनच निजामाशीं तह जुळविला. त्याला महाडचा तह म्हणतात. म्हणजे ज्या काळीं पुण्यास संगमावर बसून मॅलेट राजकारणाचा रंग पाहत होता, त्या काळीं सबंध महाराष्ट्राचें लक्ष आपल्या ह्या सावित्रीकांठच्या गांवाकडे लागलें होतें.

इ. स. १७९७ मध्यें मॅलेटनें पुणें सोडलें व पुढील वर्षीं तो स्वदेशीं गेला. इ. स. १७९९ मध्यें त्यानें वेल्सची कन्या सुझाना हिच्याशीं विवाह केला. वेल्सचीं वेरुळाचीं रेखाटनें थॉमस डॅनियलकडून कोरवून इ. स. १८०३ मध्यें लंडन येथें चोवीस चित्रांचा एक थोर संग्रह निघाला, तो मॅलेटलाच अर्पण केलेला आहे. ह्या पुस्तकाच्या मुखपत्रावर वेल्सचें नांव आहे, डॅनियलचें आहे, गंगारामाचें नाहीं. मॅलेट इ. स. १८१५ मध्यें मरण पावला.

मॅलेटचा हेतु केवळ विद्येचा होता असें कोणी समजूं नये. तो कंपनीचा चाकर होता. ज्या राज्यांत त्याची वकिलात होती, तें राज्य त्याच्या मागून एकवीस वर्षांनीं, इ. स. १८१८ मध्यें, त्याच कंपनीनें बुडविलें. परक्या देशाची बारीकसारीक माहिती गोळा करणें हा वकिलीच्या धंद्याचाच भाग असतो. पुण्यांत काढलेलीं चित्रें साहेबांच्या पेट्यांतून विलायतेस गेलीं, व त्यांतील पुष्कळशीं सध्यां अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याच्या मुलाला आपल्या गांवच्या चित्रकाराचें काम पाहावयाचें तर सात समुद्र ओलांडावे लागतात. हें खेदाचें खरेंच.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. संगमावरचें इंग्रजांचें ठाणें इ. स. १८१७ च्या नोव्हेंबरांत, खडकीच्या लढाईच्या वेळीं, जळून गेलें. ज्या शनिवारवाड्यांत चित्रशाळा होती, तो इ. स. १८२८ मध्यें आगींत भस्म झाला; आतां तट, दरवाजे व जोतीं तेवढीं उरलीं आहेत. पेशव्यांचा गेंडा गेला, आखाडे गेले, दरबार गेला. राहिले ते कागद. ज्यांवर राज्यांचीं भवितव्यें ठरलीं असें मॅलेटला वाटलें असेल, ते तह आज परीक्षेपुरते उरले आहेत. गंगारामाचा गेंडा मात्र अजून तसाच उभा आहे. आणि इतक्या वर्षांनीं चित्रांखालीं त्याचें नांव लिहिलें जातें. इ. स. २०११ मध्यें येल येथील प्रदर्शनांत मॅलेट व वेल्स ह्यांच्याबरोबर गंगारामाचींही चित्रें लोकांपुढें आलीं, आणि इ. स. २०२२ मध्यें हॉली शॅफर ह्या विदुषीनें लिहिलेल्या ग्रंथांत त्याच्या कामाचा विचार झाला आहे.

वर ज्या बडोद्याच्या ताम्रपटाचा उल्लेख केला, त्यांत असें वर्णन आहे कीं, तें देऊळ पाहून आकाशांतून जाणारे देव थक्क झाले आणि घडविणारा कारागीर स्वतःच "हें मजकडून कसें झालें?" अशा विस्मयांत पडला. राजाचें नांव त्यांत आहे. त्या थक्क झालेल्या कारागिराचें नाहीं. त्या मानानें गंगाराम भाग्यवान म्हटला पाहिजे.

आतां पुनः गांधारपाल्याकडे येऊं. तेथें तीसच्या सुमारास लेणीं आहेत. तीं पांडवांचीं नसून बौद्ध भिक्षूंच्या राहण्यासाठीं व उपासनेसाठीं कोरलेलीं आहेत. ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेप ह्यानें इ. स. १८३७ मध्यें पुरा केला. त्यानंतर पंडित भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस ह्यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांचे लेख एकत्र करून इ. स. १८८१ मध्यें छापले, त्यांत महाड व कोल येथील लेखही आहेत. गांधारपाल्याच्या एका लेखांत विष्णुपालित नांवाच्या राजकुमाराचा उल्लेख सांपडतो. ज्या डोंगराकडे आपण जातांयेतां पाहतों, त्यावर एका माणसाचें नांव शेंकडों वर्षें वाट पाहत होतें. वाचणारा भेटला तेव्हां तें बोलूं लागलें.

डोंगर अचल असतो असें आपण शाळेंत कवितेंत शिकतों. आपल्या भागांतील लोकांना त्याचा निराळा अनुभव आहे. इ. स. २०२१ च्या जुलै महिन्याच्या २२ तारखेस अतिवृष्टीनें तळीये येथें दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसें गेलीं व त्यांचीं घरें मातीखालीं गाडलीं गेलीं. त्या दुःखावर लेखणीचें औषध नाहीं आणि येथें तसा दावाही नाहीं. परंतु एक गोष्ट पालकांनीं व मुलांनीं मनांत धरावी. घराची ओसरी कशी होती, चूल कोणत्या अंगाला होती, देव कोठें होते, नाचणीचें शेत कोणत्या वाटेनें लागत असे, जात्यावर कोणत्या ओव्या म्हणत, हें ज्यांना ठाऊक आहे तीं वडीलधारीं माणसें आज आपल्यांत आहेत. त्यांना विचारणारा पाहिजे. मॅलेटपाशीं कंपनीचा पैसा होता. तुमच्यापाशीं वही आहे, आणि बहुतेकांच्या घरीं चित्र टिपणारें यंत्रही आहे.

म्हणून ह्या सुटींत विद्यार्थ्यांनीं एक काम करावें. आपल्या वाडींतील एक जुनी वस्तु निवडावी: देऊळ, विहीर, वीरगळ, जातें, कांहींही चालेल. तिचीं मापें घ्यावीं. वेडेंवांकडें कां होईना, स्वतःच्या हातानें चित्र काढावें. तिच्याविषयीं दोन वृद्ध माणसांना वेगवेगळें विचारावें, आणि उत्तरें जुळलीं नाहींत तर दोन्ही लिहून ठेवावीं. शेवटीं तिथि घालावी, सांगणाऱ्याचें नांव घालावें. ती वस्तु कोणीं घडविली हें कळलें तर त्याचें नांव सर्वांच्या आधीं घालावें.